झेंडूच्या गाडीचा पासवर्ड

१

सोनकळी फूल उत्पादक गटाचा पासवर्ड चोरीला गेल्याची बातमी मखमलाबाद रस्त्यावरच्या एकशे चाळीस घरांत एकाच वेळी पोचली, कारण ती खुद्द अध्यक्षांच्या आवाजात होती. संध्याकाळी अध्यक्ष नवसाबाईंनी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सव्वा मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकला. आधी खाकरल्या, मागे ओरडणाऱ्या कोंबडीला हाकललं आणि मग म्हणाल्या, "आपल्याच हापिसात बसून कुणीतरी पासवर्ड काढून नेलाय. कोण हे, ते समद्यांना कळतंय. मला नाव घ्यायला लावू नका."

नाव त्यांनी घेतलं नाही खरं. पण त्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारं माणूस एकच, दिशा. तेवीस वर्षांची, दीड वर्षापासून नोकरीला. मेसेज ऐकल्यावर तिच्या वडिलांनी रात्री जेवायचं ताट सरकवून दिलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाझिया मनियार पाठीवर हत्यारांची सॅक लावून ऑफिसच्या पायऱ्या चढली, तेव्हा दिशा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. स्वतःच्या खुर्चीत बसायची तिला मनाई झाली होती.

शाझियाचं दूध बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वय अडतीस. वीस वर्षांत तिनं मशिनं जितकी उघडली त्याहून जास्त माणसं वाचली होती. तिच्याकडे एक लांबट वही असे, पानाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडे माणूस काय बोलतो, उजवीकडे त्याचे हात काय करतात. दोन्ही बाजू जुळल्या तर पान उलटायचं, नाही जुळल्या तर तिथंच बसून राहायचं.

"बाई, तुमाला पुरावा काढायला बोलावलंय," नवसाबाईंनी बसायला सांगायच्या आधीच मुद्द्याला हात घातला. "चोर आमी धरलाय."

"मग मी चहा पिऊन जाते. धरलेला चोर परत धरण्यात काय मजा, आजी?"

नवसाबाई हसल्या नाहीत. पासष्टीच्या, काठापदराचं लुगडं, आणि नजर अशी की वजनकाटाही चळचळ कापावा. त्यांच्या डोक्यावर भिंतीला तीन फ्रेमा होत्या: गटाच्या नोंदणीचा कागद, पहिल्या गाडीचा फोटो आणि 'सायबर सुरक्षा शिबिर' असं लिहिलेलं, लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र. शाझियानं सवयीनं तिन्हींवरून डोळे फिरवले.

गटाचा सचिव ललित हा नवसाबाईंचा पुतण्या. त्यानं प्रकरण सांगितलं. मुंबईची एक कंपनी गटाचा झेंडू घेते. उद्या जाणाऱ्या गाडीची नोंद आज दुपारी बाराच्या आत कंपनीच्या साइटवर करावी लागते, नाहीतर ती जागा दुसऱ्या गटाला जाते. पंधरा दिवसांपूर्वी कंपनीनं जुनी साइट बंद करून नवी काढली. "तेव्हापासून ब्राउझर पासवर्ड लक्षातच ठेवत नाही, मॅडम. जुन्या साइटला आपोआप भरायचा. आता रोज वहीत बघून टाइप करावा लागतो. सोळा अक्षरं आहेत. काल हिनं तीनदा चुकवला आणि अकरा वीसला साइटनं चोवीस तासांसाठी दार बंद केलं. आपली जागा गेली नांदगावच्या गटाला."

"आणि हिचा मामा नांदगावच्या गटात हे," नवसाबाई म्हणाल्या.

स्टुलावरून आवाज आला, "मामा मिरच्या लावतो, आजी. झेंडू नाही."

"आज मिरच्या हे. उद्याचं कुणी बघितलंय?"

"आज दार कधी उघडणार?" शाझियानं विचारलं.

"अकरा वीसला," ललित म्हणाला. "बारा वाजेपर्यंत दसऱ्याच्या गाडीची नोंद झाली पाहिजे. आणि आज पुन्हा तीनदा चुकलं तर कंपनी आपलं नाव या हंगामापुरतं काढूनच टाकणार. तसा नियम आहे त्यांचा."

नवसाबाईंनी पदर खोचला. "बारापर्यंत पुरावा भेटला नाय तरी मी हिला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार हे. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

शाझियानं घड्याळात पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं. तिच्या बोटांना ती ओळखीची खाज सुटली.

२

खुर्चीत बसून तिनं ब्राउझर उघडला. पडद्यावरची अक्षरं मराठीत होती. नवसाबाईंचा तसा हुकूमच होता: जे यंत्र मला वाचता येत नाय, ते माझ्या हापिसात नको.

मागे तिघं उभी राहिली. वाळूकाका, म्हणजे सकाळी ऑफिस उघडणारे आणि क्रेट मोजणारे गृहस्थ, दारातून मान लांब करून बघत होते.

शाझिया सेटिंगमध्ये गेली, तिथून सेव्ह केलेल्या पासवर्डच्या यादीत. वीजबिल. गटाचा ईमेल. खताची मागणी. आणि चौथ्या ओळीत...

"ललितभाऊ, हे काय आहे?"

ललित वाकला. त्याचा चेहरा उतरला. "ही... जुनी साइट. कंपनीची."

"पासवर्डसकट जागच्या जागी. मग चोरीला काय गेलं?"

"मला वाटलं, हिनं डिलीट केला."

"चोरीला गेलेली वस्तू कपाटातच आहे, आजी." शाझियानं खुर्ची फिरवली. "कुणी काही पुसलेलं नाही. जुना पासवर्ड जुन्या पत्त्याचा होता. कंपनीनं पत्ता बदलला, तेव्हा ब्राउझरच्या लेखी ते नवंच घर झालं. नव्या घराची किल्ली त्याला नव्यानं द्यावी लागते."

"मग दिली का नाय?" नवसाबाईंनी दिशाकडे पाहिलं.

"मी रोज वाट बघते, ताई," दिशा उठून उभी राहिली. "वीजबिलाला मागच्या महिन्यात लगेच विचारलं होतं, 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' या साइटला विचारतच नाही. एकदासुद्धा नाही. मी ललितदादाला तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं."

ललितनं पेन उघडून पुन्हा बंद केलं. उजव्या रकान्यात शाझियानं लिहिलं: ललित, पेन. तिनं सांगितलं होतं, यानं ऐकलं नाही.

मग तिनं स्वतःच्या दुकानाचा ईमेल त्या ब्राउझरवर उघडून पाहिला. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात टपकन एक चौकोन उतरला: पासवर्ड सेव्ह करायचा का? खाली दोन बटणं. सेव्ह करा. कधीही नाही.

"बघा! याला विचारलं!" वाळूकाका दारातून ओरडले.

चौकोनाच्या कोपऱ्यातली फुली दाबून शाझियानं तो तसाच मिटवला, पण आता ती पुढे सरकून बसली होती. म्हणजे ब्राउझर ठणठणीत होता. सगळ्यांना विचारतो, फक्त एकाच साइटला विचारत नाही. आजारी यंत्र असं निवडून आजारी पडत नसतं. हा रुसवा आहे, आणि रुसवा कुणी दुखावल्याशिवाय येत नाही.

ती पुन्हा पासवर्डच्या सेटिंगमध्ये गेली आणि पानाच्या अगदी तळाशी, जिथं कुणी कधी जात नाही तिथवर उतरली. तिथं एक दुसरी यादी होती: ज्या साइटचे पासवर्ड कधीही सेव्ह करायचे नाहीत असं सांगून ठेवलंय, त्यांची.

यादीत एकच ओळ होती. मुंबईच्या कंपनीचा नवा पत्ता.

"या अल्ला," शाझिया हळूच म्हणाली आणि मग मोठ्यानं, "हे आपोआप होत नाही. या खुर्चीत बसून, या माउसनं, तुमच्यापैकी कुणीतरी 'कधीही नाही' वर बोट दाबलंय. एकदाच. तेवढं पुरतं. त्यानंतर ब्राउझर आयुष्यात विचारत नाही."

नवसाबाईंचा हात कमरेवर गेला. "म्हंजे चोर घरातलाच. मी काय म्हनत होते?"

३

"एकेकाला बाहेर ओट्यावर पाठवा," शाझिया म्हणाली. "आणि आजी, तुम्ही चहाचं बघा. दूध जास्त."

पहिली दिशा आली. ओट्यावर झेंडूच्या क्रेटांची चळत होती, तिच्या सावलीत दोघी उभ्या राहिल्या.

"नवी साइट सुरू झाली त्या दिवशी तू होतीस?"

"नव्हते. इगतपुरीला बहिणीचं ओटीभरण होतं. मस्टरवर रजा आहे. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा ललितदादानं वही दाखवली, म्हणाला यातून टाइप कर."

"चौकोन आला असता तर काय दाबलं असतंस?"

"'सेव्ह'च ना, ताई! सोळा अक्षरं रोज टाइप करायची मला काय हौस आहे?" ती जवळजवळ ओरडली, मग आवाज खाली आला. "पोलिसांत गेलं ना, तर नंतर खरं काहीही निघू दे. आमच्या गल्लीत मी कायमची पासवर्ड चोरणारी. वडील म्हणतात, तूच राजीनामा देऊन टाक. पण तसं केलं तर ते कबूल केल्यासारखंच झालं ना?"

हात स्थिर होते. डोळे ओले, पण हात स्थिर. शाझियानं पान उलटलं.

"काल तीनदा चुकलं कसं?"

"देवाशपथ, तीनदा बरोबर टाइप केला. आठवडाभर असंच होतंय. एकदा चुकतो, परत तोच टाइप केला की लागतो. काल तिसऱ्यांदाही लागला नाही. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यात काय कळणार?"

दुसरा ललित. हा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा.

"मी? छे! मी तर सगळीकडे 'सेव्ह'च दाबतो. आळशी माणूस आहे मी, मॅडम. बायकोचे, मेहुण्याचे, सगळ्यांचे पासवर्ड माझ्या मोबाइलमध्ये सेव्ह आहेत."

"तुमच्या मेहुण्याला माहीत आहे?"

"नाही." तो जरा थांबला. "सांगू नका."

"पहिल्या दिवशी पासवर्ड कुणी टाइप केला?"

"मीच. मीच बनवला, मीच वहीत लिहिला, मीच टाइप केला. वही माझ्या ड्रॉवरमध्ये असते."

"ड्रॉवरला कुलूप?"

"किल्ली हरवलीय. जानेवारीपासून."

शाझियानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. इतका निष्काळजी माणूस कारस्थान करायला बसला, तर कारस्थानच विसरून जेवायला जाईल. पण टाइप त्यानं केला होता, खुर्चीत तो होता, आणि दिशा रजेवर होती. डाव्या-उजव्या दोन्ही रकान्यांत त्याचंच नाव मोठं दिसत होतं. त्यानं पुन्हा पेन उघडलं, बंद केलं.

तिसरे वाळूकाका. त्यांनी आल्याआल्या हात जोडले.

"मी काम्पुटरला हात लावत नाय, बाई. सकाळी हापिस उघडतो, झाडतो, देवाला फूल, काट्याला फूल, काम्पुटरला फूल. नमस्कार करतो नि बाजूला व्हतो."

"कॉम्प्युटरला फूल कुठं ठेवता?"

"ते बटणांचं हे ना, त्याच्यावर. नंतर दिशाताई उचलून ठेवती."

"नवी साइट सुरू झाली त्या दिवशीचं काही आठवतं?"

वाळूकाकांचा चेहरा उजळला. "लय मजा! पेढे वाटले ना. ललितभाऊनं फोटो काढले, ग्रुपवर टाकले. आजी तर इतक्या खूश, मला म्हन्ल्या, वाळू, आज एक चोर दारातूनच परतवला."

"कुठला चोर?"

"ते नाय सांगितलं. रोजच कुणी ना कुणी त्यांच्या तावडीत सापडतो. मी इचारत नाय."

शाझिया हसली आणि हातातली वही मिटून आत आली. घड्याळात दहा पन्नास झाले होते. खुर्चीत बसता बसता तिचा हात थांबला.

चोर परतवला. दारातून. त्याच दिवशी.

४

"आधी एक सोपं करून टाकू," ती म्हणाली. तिच्या आवाजातला उत्साह आता लपत नव्हता. "ललितभाऊ, वही. दिशा, ये, बस तुझ्या खुर्चीत."

"ती नाय बसायची," नवसाबाई म्हणाल्या.

"आजी, पुरावा हवाय ना? मग बसू द्या."

शाझियानं एक कोरं पान उघडलं, साधं लिहायचं. "यात पासवर्ड टाइप कर. इथं ठिपके नाहीत, अक्षरं दिसतील. नेहमीसारखा, नेहमीच्याच वेगानं."

दिशानं वहीकडे पाहत टाइप केला. शाझियानं बोटानं अक्षरं मोजली. पंधरा. पासवर्डमध्ये दोन ठिकाणी सात होता, पडद्यावर एकदाच उमटला होता.

"परत."

यावेळी सोळा. "परत." चौदा. दोन्ही सात गायब!

शाझियानं कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि तळहातानं दोन थापा मारल्या. टेबलावर वाळकी, नारिंगी-तपकिरी कुसं पडली. झेंडूच्या पाकळ्या. चिमटाभर, मग मूठभर.

वाळूकाकांनी स्वतःचेच दोन्ही कान धरले.

"काका, तुमचा नमस्कार कॉम्प्युटरला पोचलाय," शाझिया म्हणाली. "अगदी आतपर्यंत." तिनं सातचं बटण पात्यानं अलगद उचकटलं. खाली पाकळीची घट्ट घडी बसली होती. "तीनदा चुकलं ते हिच्यामुळं नाही, आजी. बटण दाबलं जायचं, पण सात उमटायचा नाही. ठिपक्यांत कुणाला दिसणार? ब्राउझरनं पासवर्ड लक्षात ठेवला असता तर हे बटण कुणाला लागलंच नसतं. म्हणून गाडी बुडवली ती दोघांनी मिळून. एक वाळूकाका. आणि दुसरा तो, ज्यानं 'कधीही नाही' दाबलं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही."

"मग तो दुसरा कोण?" ललितनं विचारलं आणि विचारून स्वतःच घाबरला.

ब्रशनं बटणांच्या फटी साफ करता करता शाझिया बोलत राहिली. "मी सकाळपासून चोर शोधत होते. चूक माझी. चोराला काय हवं असतं? पासवर्ड सेव्ह झालेला हवा असतो, म्हणजे कधीही येऊन बसता येतं. 'कधीही नाही' म्हणणारा चोर कसा असेल? तो राखणदार असतो. या ऑफिसात सगळ्यात सावध माणूस कोण, ते शोधायला हवं होतं."

तिनं दिशाकडे पाहिलं. "ही नव्हती, मस्टर सांगतं." ललितकडे पाहिलं. "हे सावध नाहीत, ड्रॉवर सांगतो. काका हात लावत नाहीत, फक्त फूल लावतात. माझ्या वहीत तीनच पानं भरली. ज्यांनी मला बोलावलं, त्यांना विचारायचंच राहून गेलं."

नवसाबाईंच्या हातातला चहाचा कप अर्ध्यात थांबला.

"ललितभाऊ, त्या दिवशीचे फोटो काढा."

ललितनं मोबाइलवर बरंच वर सरकवलं. पंधरा दिवसांपूर्वीचे सहा फोटो. कॉम्प्युटरला हार. मॉनिटरला कुंकू. पेढ्यांचा खोका. "आमच्याकडं असंच असतं, मॅडम," तो म्हणाला. "नवा काटा, नवी गाडी, काहीही असो, पहिला हात काकूंचा. मी पासवर्ड टाइप केला आणि उठलो. बटण काकूंनी दाबलं. तेव्हा आम्ही सगळे फोटो नि पेढे..."

चौथ्या फोटोत नवसाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात माउसवर. शाझियानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन होता.

पाचवा फोटो. तोच कोन, तीच खुर्ची, तोच हात माउसवर. ललितनं लागोपाठ काढलेला. मागे पेढा घेणाऱ्या बाईचा हात अजून तोंडापर्यंतही पोचला नव्हता.

चौकोन गेला होता.

आणि नवसाबाईंच्या चेहऱ्यावर, एखाद्याला दारातून हाकलून दिल्यावर येतं तसं, तृप्त हसू होतं.

५

ललितनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून सोळा मिनिटं.

नवसाबाईंनी कप खाली ठेवला. मोबाइल हातात घेतला आणि चौथा फोटो बघितला, पाचवा बघितला, पुन्हा चौथा बघितला.

"त्यानं इचारलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पासवर्ड ठेवून घेऊ का, असं इचारलं. समदे पेढे खात व्हते. मला येकटीलाच दिसलं. शिबिरात साहेबानं सांगितलेलं, पासवर्ड कुणी बी मागू द्या, बँकवाला म्हणू द्या, सरकार म्हणू द्या, द्यायचा नाय. मी पयल्या रांगेत बसले व्हते." त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, जणू तेही आता साक्षीला उभं होतं. "मला वाटलं, कुणी भामटा आत घुसतोय."

"तुमचं उत्तर बरोबर होतं, आजी," शाझिया हळू म्हणाली. "शिबिरातल्या साहेबांनी चूक सांगितलं नाही. फक्त विचारणारा भामटा नव्हता, तुमचाच ब्राउझर होता. नव्या घराची किल्ली खिशात ठेवू का, एवढंच विचारत होता. तुम्ही त्याला कायमचं गप्प केलंत आणि तो इमानानं गप्प बसला."

"मग ही पोर..."

"ही पोर पंधरा दिवस तुम्ही लावलेल्या कुलपाशी झटत होती."

दिशानं खुर्ची पुढे ओढली. बोलायला वेळही नव्हता.

"अकरा एकोणीस!" ललित किंचाळला.

शाझियानं त्या तळाच्या यादीतल्या एकुलत्या ओळीपुढची फुली दाबली. ओळ नाहीशी झाली. सातचं बटण पुन्हा बसवलं. कोऱ्या पानावर दिशाकडून पासवर्ड तीनदा टाइप करून घेतला. सोळा, सोळा, सोळा. प्रत्येक वेळी वाळूकाका ओठांतल्या ओठांत मोजत होते आणि सोळाला टाळी वाजवत होते.

अकरा बावीस. साइट उघडली. लॉगिनचं पान आलं.

"तीनच वेळा," ललित म्हणाला.

"भाऊ, तुम्ही ओट्यावर जा बरं," शाझिया म्हणाली. तो गेला नाही.

दिशानं टाइप केलं. ठिपके उमटत गेले. तिनं ते मोजले, शाझियानं मोजले, वाळूकाकांनी मोठ्यानं मोजले. सोळा. बोट एंटरवर येऊन थांबलं.

"दाब गं," नवसाबाई म्हणाल्या.

पान पांढरं झालं. एक चाक फिरलं, फिरतच राहिलं. मखमलाबादचं नेट, त्यालाही आज भाव खायचा होता. आणि मग एकदम हिरवी पट्टी आली, गटाचं नाव आलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तो चौकोन टपकन उतरला.

पासवर्ड सेव्ह करायचा का?

"आला, आला!" ललित आणि वाळूकाका एकाच वेळी ओरडले. दिशानं 'सेव्ह करा' दाबलं. शाझियानं तिला लगेच बाहेर पडून पुन्हा आत यायला लावलं. यावेळी सोळाच्या सोळा ठिपके आपोआप भरून आले, कुणाचं बोटही न लागता.

"आता या कॉम्प्युटरलाच उघडताना एक पासवर्ड लावते," शाझिया सॅक आवरत म्हणाली. "म्हणजे आतली किल्ली राहील आत, आणि परकं माणूस राहील बाहेर. आणि तो ड्रॉवरमध्ये लिहून ठेवायचा नाही, ललितभाऊ."

"आजी, गाडीचा नंबर सांगा," दिशानं मान न वळवता विचारलं. दसऱ्याच्या गाडीची नोंद उघडायलाच नेटनं वीस मिनिटं खाल्ली होती. क्रेट, वजन, निघायची वेळ. बोटं भराभर चालली होती.

उत्तर आलं नाही. नवसाबाई खिडकीशी उभ्या होत्या, मोबाइल तोंडाजवळ धरून, अंगठा माइकच्या खुणेवर दाबून. बाहेर कुठं एक मोटरसायकल गेली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या. खाकरल्या.

"मी नवसाबाई बोलते," त्या म्हणाल्या. "काल मी जे टाकलं ते समद्यांनी आयकलं. आता हे बी आयका, आणि ज्यांनी ते दुसऱ्याला आयकवलं त्यांनी हे बी त्येंना आयकवा. पासवर्ड कुणी चोरला नव्हता. मीच तो बंद करून ठेवला व्हता, माझ्या हातानं, आणि मला कळलं बी नाय. दिशानं तिसऱ्याच दिवशी सांगितलेलं, काय तरी बिघडलंय. तिचं आमी आयकलं नाय." अंगठा तसाच दाबलेला, पण आवाज थांबला. "काल मी नाव घेतलं नव्हतं. आज घेते. दिशा. दिशा चोर नव्हती. तिच्या बापाला म्हणावं, संध्याकाळी मी तुमच्या घरी येणार हे. जेवायला."

अंगठा उचलला. मेसेज गेला.

एकशे चाळीस घरांपैकी पहिल्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं, मग दुसऱ्याचं, मग फोन नुसता थरथरतच राहिला. नवसाबाईंनी तो पालथा घातला आणि खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

अकरा बावन्न झाले होते. दिशाचे दोन्ही हात कीबोर्डवर तसेच थांबले होते. सकाळपासून स्थिर असलेले ते हात आता थरथरत होते. शाझियानं ते पाहिलं, पण वही काढली नाही.

"आजी," दिशा म्हणाली. "नंबर. गाडीचा नंबर सांगा ना. आठ मिनिटं राहिलीत."